डिजिटल करमणूक, बैठेपणा आणि व्यसन (बडोदा)

मोबाइल, टीव्ही, संगणक किंवा गेम-कन्सोलवर होणाऱ्या करमणुकीचे शरीरावर आणि सवयींवर जे परिणाम होतात, त्यांत दोन प्रश्न येतात आणि ते वेगळे ठेवावे लागतात: हालचाल कमी होणे आणि व्यसन जडणे. घरात दोन्हींना ‘मोबाइलचं वेड’ म्हणतात, आणि उपाय चुकतो तो तिथेच. रोज पाच तास रील पाहणारा मुलगा व्यसनी असेलच असे नाही, बऱ्याचदा तो नुसता बसलेला असतो. उलट, मैदानावर रोज घाम गाळणाऱ्या मुलीलाही गेमचे व्यसन लागू शकते.

बैठेपणा म्हणजे जागेपणी बसून, रेलून किंवा आडवे पडून केलेली, १.५ मेटपर्यंतच ऊर्जा लागणारी कोणतीही गोष्ट. एक मेट म्हणजे शरीराच्या दर किलोमागे तासाला साधारण एक किलोकॅलरी. ६० किलोचा माणूस तासभर बसून पाहत राहिला तर सुमारे ७८ किलोकॅलरी खर्च होतात, तर ताशी साडेपाच किलोमीटरने चालला तर सुमारे २५८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वयोगटाला रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल हवी आणि प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, दहा लाखांहून अधिक लोकांच्या विश्लेषणात रोज ६० ते ७५ मिनिटांच्या मध्यम व्यायामाने दिवसभर बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका पुसला गेला. रोज पाच तास किंवा अधिक टीव्ही पाहणाऱ्यांत मात्र तो फक्त कमी झाला. टीव्हीसमोर हात ताटलीकडेही जात असतो, हे त्याचे एक संभाव्य कारण.

खरे नुकसान होते ते वेळेच्या अदलाबदलीत: हालचालीची वेळ पडद्याला जाते. बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीत, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडे, संध्याकाळ ही तालमीची वेळ. तिथले जुम्मादादा व्यायाम मंदिर हे व्यायामशिक्षक राजरत्न माणिकरावांचे; सांघिक कवायतीचे हुकूम देशी भाषेत बसवण्याचे कामही त्यांचेच. तालमीत मोबाइलवर बंदी घालण्याची फारशी गरज पडत नाही: एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर अढी (पायांची पकड) घालणाऱ्याचे तळहात तेलकट आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. मे महिन्यात मात्र शाळेला सुट्टी आणि पारा चाळिशीपार, त्यामुळे सयाजीबागेत (जुन्या लोकांचा कमाटीबाग) फिरणे सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच जमते. मधले दहा तास पंख्याखाली पडद्यासमोर जातात. नवरात्रात गरब्याने पावले भरपूर पडतात, पण नऊ रात्रींची हालचाल वर्षाला पुरत नाही. हालचाल करायला लावणारे गेमही असेच ओसरतात: २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ खेळणाऱ्यांची पहिल्या आठवड्यात रोजची सुमारे ९५५ पावले वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ उरली नाही.

तालमीत परतणारा मुलगा बहुधा पहिल्याच दिवशी चुकतो. पन्नास बैठका काढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरवत नाही. मग तो घरी बसतो आणि फोन हातात येतो. सुरुवात दहा बैठका आणि पाच जोरांनी करावी, एक दिवस आड दोन-दोन वाढवावेत. जोमाने काढलेल्या जोर-बैठका सुमारे ८ मेटच्या. मधली विश्रांती धरली नाही तर त्याच ६० किलोच्या माणसाच्या पंधरा मिनिटांत १२० किलोकॅलरी, म्हणजे दीड तास नुसते बसून राहण्यात जातात साधारण तितक्या.

व्यसनाची कसोटी तासांवर नाही. आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात (लागू १ जानेवारी २०२२) गेमिंग विकाराची तीन लक्षणे आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्याआधी गेम येणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे. त्यामुळे अभ्यास, नाती किंवा काम ठळकपणे बिघडलेले असावे आणि हे साधारण १२ महिने चाललेले असावे. रील पाहण्याला त्यात स्वतंत्र विकाराचे नाव नाही. ओढ लागते ती बक्षिसाच्या अनिश्चिततेने: पुढचा व्हिडिओ मजेदार निघेल की फालतू, हे बोट सरकवल्याशिवाय कळत नाही. त्यावर रोजच्या हजेरीचे बक्षीस, आपोआप सुरू होणारा पुढचा भाग, आणि ‘टीम अडकली आहे’ हा दबाव.

उपायांत पहिले काम मोजमापाचे. फोनच्या सेटिंगमध्ये वापराचे तास आणि फोन किती वेळा उघडला ते दोन्ही दिसते. आठवडाभर काही न बदलता लिहून ठेवावे. मग एकच जागा आणि एकच वेळ बदलावी: चार्जर स्वयंपाकघरात, रात्रभर फोन तिथेच. झोप सुधारली की सकाळचे फिरणे जमू लागते. ॲपची वेळमर्यादा एकटी टिकत नाही, कारण मुलाला पिन पालकांच्या आधी कळतो. फोन एकदम हिसकावला तर पहिले काही दिवस चिडचिड, आदळआपट, आणि मग मित्राच्या फोनवर खेळणे. बाबा जेवताना बातम्या पाहत असतील तर नियम टिकत नाही. अभ्यासाचे बक्षीस म्हणून फोन देणे सर्वांत वाईट, त्याने फोनची किंमतच वाढते.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेम चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तरी यूपीआयच्या खात्यातून वारंवार जाणाऱ्या लहान रकमांवर पालकांनी लक्ष ठेवावे. ताबा सुटल्याची वरील लक्षणे दिसत असतील, झोप आणि शाळा दोन्ही कोलमडली असतील, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक गुजरातीसह अनेक भारतीय भाषांत बोलतात.