वेगवान कौटुंबिक वॅगन, तिचे अ‍ॅव्हरेज आणि टाकीतले इथेनॉल : पार्श्वभूमी

शक्तिशाली इंजिनाची स्टेशन वॅगन, म्हणजे छत मागपर्यंत लांबवून सामानाची जागा वाढवलेली कार, घेण्याचा विषय सोलापुरातल्या घरात निघाला की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा असतो. गेल्या पाच वर्षांत त्याचे उत्तर इंजिनाइतकेच टाकीत कोणते पेट्रोल पडते यावरही अवलंबून राहू लागले आहे.

या प्रकारच्या गाड्यांची आजची ओळख युरोपात 1994 च्या ऑडी आरएस2 अवांतपासून पक्की झाली (अवांत हे ऑडीचे वॅगनसाठीचे नाव). तिच्या 2.2 लिटरच्या पाच सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची ताकद 315 हॉर्सपॉवर होती. पुढे आरएस6 अवांत 2002 मध्ये 450 आणि 2008 मध्ये, दहा सिलिंडरसह, 580 हॉर्सपॉवरपर्यंत गेली. त्या दहा सिलिंडरच्या गाडीला कागदावर शंभर किलोमीटरला 14 लिटर लागत, म्हणजे लिटरला सात किलोमीटर. 2013 मध्ये सिलिंडर आठ झाले, हलक्या भारावर त्यांतले चार बंद ठेवण्याची सोय आली आणि हाच आकडा 9.8 लिटरवर आला. ताकद फारशी न घटवता मिळवलेली ही बचत मोठी होती. 2019 च्या 600 हॉर्सपॉवरच्या पिढीचा आकडा पुन्हा 12 लिटरच्या आसपास दिसतो. गाडीचे वजन आणि ताकद वाढली हे खरे, पण मोजण्याची पट्टीही मधल्या काळात बदलली होती. युरोपातली जुनी चाचणी सुमारे अकरा किलोमीटरची आणि ताशी सरासरी 34 किलोमीटरच्या आतली होती. 2017 पासून आलेली नवी चाचणी 23 किलोमीटरची आहे आणि तिच्यात वेग ताशी 131 किलोमीटरपर्यंत जातो. त्यामुळे दोन पिढ्यांचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते.

भारतात वॅगन हा प्रकार कधी रुजलाच नाही. टाटा इस्टेट 1992 मध्ये, बलेनो अल्टुरा 1999 मध्ये आणि इंडिगो मरिना 2004 मध्ये आली, पण वेगासाठी यांपैकी कोणतीच ओळखली गेली नाही. स्कोडा ऑक्टाव्हियाचा कॉम्बी, म्हणजे वॅगन, अवतार त्यातल्या त्यात जवळचा, आणि ऑडीची आरएस6 अवांत 2015 मध्ये आली ती कोटीच्या घरात. 2017 ची 230 हॉर्सपॉवरची ऑक्टाव्हिया आरएस तांत्रिकदृष्ट्या वॅगन नव्हती, तरी पाच माणसे आणि 590 लिटरची डिकी हे काम ती वॅगनइतकेच चोख करत असे. करानेही वॅगनला फार अडवले नाही. सप्टेंबर 2017 ते सप्टेंबर 2025 या काळात चार मीटरपेक्षा लांब, 1500 सीसीपेक्षा मोठ्या आणि जमिनीपासून 170 मिलिमीटर किंवा अधिक उंच असलेल्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून 50 टक्के पडत, तर बुटक्या मोठ्या गाडीवर 48 टक्के. तरीही ग्राहक उंच गाडीकडेच वळला.

ऑक्टाव्हिया आरएसचा प्रमाणित आकडा लिटरला 14.45 किलोमीटर होता. भारतीय चाचणीत वेग ताशी 90 किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि तपमान प्रयोगशाळेतले असते. सोलापूर-पुणे रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर उजव्या लेनमध्ये आले की शंभरवरून तिसावर यावे लागते आणि पुन्हा वेग घ्यावा लागतो. डॅशबोर्डवरचा तात्कालिक आकडा अशा वेळी क्षणभर चारच्या खाली उतरतो, आणि मोहोळ ते टेंभुर्णी या पट्ट्यात हे पुन्हा पुन्हा घडते. हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बो इंजिनाला ताकद मागितली की ते हवेच्या प्रमाणात पेट्रोलही ओढणारच.

मात्र सर्वांत जास्त वाद झाला तो उसापासूनही बनणारे इथेनॉल हे अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या निर्णयावर, आणि सोलापूरकरांसाठी हा विषय दूरचा नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आघाडीवर आहे. इथेनॉलचे पैसे आले की उसाचे बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते, हे इथल्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाला कळते. मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाड येथे होते. 2003 मध्ये नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सुरू झाले, पण प्रत्यक्षात दहा वर्षांनंतरही देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच होती. 2018 च्या धोरणाने 20 टक्क्यांसाठी 2030 ही मुदत ठेवली होती. 2021 मध्ये ती पाच वर्षे अलीकडे ओढली गेली. जून 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांचा.

या घाईचा हिशेब गाडीच्या टाकीत असा मांडता येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये 21. म्हणजे 20 टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा ते सात टक्के, आणि 10 टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी. सरकारी आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींसाठी 1 ते 2 टक्के घट नमूद आहे. सोलापूर ते पुणे जाऊन-येऊन सुमारे 500 किलोमीटर धरले आणि गाडी पूर्वी लिटरला 12 किलोमीटर देत असेल, तर 6 टक्के घटीने एका फेरीला अडीच लिटरहून अधिक पेट्रोल जास्त लागते. लिटरला 105 रुपये धरले तर हा भार पावणेतीनशे रुपयांच्या आसपास जातो.

दुसरी बाजू वेगवान इंजिनांच्या बाबतीत खरोखर महत्त्वाची आहे आणि वादात ती बहुधा हरवते. इथेनॉलचे ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याच्या क्षमतेचा आकडा, 108 च्या घरात आहे. साधे पेट्रोल पूर्वी 91 ऑक्टेनचे होते, 20 टक्के मिश्रणाचे 95 धरले जाते. मे महिन्यात सोलापुरात पारा 43 अंशांवर असताना 91 ऑक्टेनवर चालणारे टर्बो इंजिन नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडते आणि त्यात ताकद व अ‍ॅव्हरेज दोन्ही गमावते. जास्त ऑक्टेन आणि सिलिंडरमध्ये बाष्प होताना इथेनॉल शोषून घेत असलेली उष्णता यांमुळे हे नुकसान काही अंशी भरून निघते. साध्या कमी कॉम्प्रेशनच्या गाडीला हा लाभ मिळत नाही. म्हणून सगळ्या गाड्यांना एकच टक्केवारी लावणे, विरोधकांकडून असो वा समर्थकांकडून, योग्य नाही.

खरी अडचण निवड हिरावली गेल्याची आहे. पंपावर कमी मिश्रणाचे साधे पेट्रोल वेगळे मिळत नाही आणि ऊर्जा कमी झाली म्हणून लिटरचा दरही उतरला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या सरकारी खुलाशानुसार इथेनॉलच्या खरेदीचा सरासरी दर, वाहतूक आणि जीएसटी धरून, लिटरला 71.32 रुपये होता आणि तो शुद्धीकृत पेट्रोलपेक्षा जास्त होता. खुलासा प्रामाणिक आहे, पण 2023 पूर्वी, म्हणजे 20 टक्के मिश्रणासाठी न बनवलेली, गाडी घेतलेल्याला त्याने दिलासा मिळत नाही. शेतकऱ्याला भाव द्यायचा तर तो साऱ्या देशाने मिळून द्यावा. जुन्या गाडीच्या मालकाने न विचारता अधिक भार उचलावा, हे मला न्याय्य वाटत नाही. पर्याय मागणारी याचिका सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळली गेली. डिसेंबर 2020 मध्ये इथेनॉल नसलेले 100 ऑक्टेनचे पेट्रोल मुंबई-पुण्यासह दहा शहरांत आले. त्या यादीत सोलापूर नव्हते. शिवाय सुरुवातीलाच त्याचा दर लिटरला 160 रुपयांच्या घरात होता, तेव्हा सहा टक्क्यांच्या बचतीसाठी ते भरण्यात अर्थ नव्हता.

इंधनापलीकडचे खर्च त्या मानाने सरळ आहेत. राज्यात 20 लाखांवरील खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी 13 टक्के रस्ता कर लागतो. 1500 सीसीवरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा मूळ वार्षिक हप्ता जून 2022 पासून 7,897 रुपये आहे. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या सहा गतींच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल 60,000 किलोमीटरला बदलावे लागते आणि ते टाळल्यास होणारी दुरुस्ती त्याच्या कितीतरी पट महाग पडते. 18 इंची चाकांवरचे कमी उंचीचे टायर शहरातल्या खड्ड्यांत फुगे धरतात, तेव्हा टायर झिजून संपण्याआधीच बदलण्याची वेळ येते.

2000 नंतरच्या दशकात घेतलेल्या कॉम्बी आता पंधरा वर्षांपलीकडे गेल्या आहेत. त्यांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये पडतात. वीस वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये ठरले आहेत. या गाड्यांचे इंधनमार्गातले रबरी पाइप आणि सील इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नसल्याने, नूतनीकरणाआधी ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.