कॅस म्हणजे वाढीव गुण नव्हेत

राज्य मंडळातून दहावी झालेलं मूल अकरावीला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या शाळेत गेलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅसला मार्क किती? इंटरमिजिएटचं सर्टिफिकेट चालेल ना?’ कॅस म्हणजे या डिप्लोमातला वर्गाबाहेरच्या कामाचा सक्तीचा भाग. त्याला मार्क शून्य, आणि सर्टिफिकेटने काम भागत नाही. दरवर्षी तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहितो.

दहावीच्या वाढीव गुणांची पद्धत आपल्याला पाठच आहे. शासकीय रेखाकला परीक्षेची श्रेणी, गायन-वादनाच्या परीक्षा, लोककला, राज्य पातळीवरचा खेळ. कागद जोडले, शाळेने प्रस्ताव बोर्डाकडे पाठवला, गुण मिळाले. त्यात माझी काही तक्रार नाही.

कॅसमध्ये तीन भाग: सर्जनशील काम (क्रिएटिव्हिटी), शारीरिक हालचाल (ॲक्टिव्हिटी) आणि सेवा (सर्व्हिस). डिप्लोमाचे एकूण गुण 45. सहा विषयांचे प्रत्येकी 7, आणि ज्ञानमीमांसेचा (थिअरी ऑफ नॉलेज) विषय व दीर्घ निबंध मिळून 3. कॅसचा त्यात एकही नाही. पण 45 पैकी 45 पडले आणि कॅस अपुरं राहिलं, तर डिप्लोमा मिळत नाही.

इथपर्यंत लोकांना पटतं. गाडी अडते ती पुढच्या मुद्द्यावर. वाढीव गुण मिळतात ते आधीच करून दाखवलेल्या कामगिरीबद्दल. कॅसमध्ये कामगिरी मोजलीच जात नाही. तिथे पाहतात ते या दीड वर्षात मूल कुठून कुठे आलं आणि ते त्याला स्वतःला उमगलं का. त्यासाठी शिकण्याची सात उद्दिष्टं ठरलेली आहेत: आपलं बळ आणि उणिवा ओळखणं, नवं आव्हान घेणं, स्वतः आखणी करणं, चिकाटी, इतरांबरोबर काम, जगाला भिडणाऱ्या प्रश्नांची जाण, आणि आपल्या निर्णयांच्या बऱ्यावाईटाचा विचार. या काळात या सातांचाही पुरावा दिसावा लागतो.

म्हणजे राज्य स्पर्धेत पदक मिळवलेली जलतरणपटू नेहमीच्याच सरावाचे फोटो लावत राहिली, तर तिच्या कॅसच्या नोंदवहीत दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. तिनेच बटरफ्लायमधली जुनी चूक सुधारायचं ठरवलं, किंवा पाण्याला घाबरणाऱ्या लहान मुलांना शिकवायला घेतलं, की कॅस सुरू झालं. आणि ज्याचा तबल्यावर हात अजून बसलेला नाही, ठेका हुकतो, तोही पूर्ण पात्र आहे.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो चिंतनाच्या नोंदीत, म्हणजे केलेल्या कामातून काय उमगलं ते मूल मांडतं तिथे. समजा, दोन मुली महापालिकेच्या शाळेत वाचन घ्यायला जातात. एक लिहिते: ‘आज मुलांना गोष्ट वाचून दाखवली. खूप मजा आली. समाजसेवेचं महत्त्व कळलं.’ दुसरी लिहिते: ‘तिसऱ्या आठवड्यातही मुलं गप्पच होती. मी फार भरभर वाचते, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पुढच्या वेळी पुस्तक मुलांच्या हातात दिलं, आणि मागच्या बाकावरच्या मुलाने पहिलं पान मोठ्याने वाचलं.’ काम एकच, पण पहिल्या नोंदीत शिकल्याची खूण नाही. नोंद लेखीच हवी असंही नाही. ध्वनिमुद्रण, चित्र, चित्रफीत, काहीही चालतं.

तासांचं खूळ तर डोक्यातून काढूनच टाका. पूर्वी कॅसला 150 तासांचा दंडक होता, तो कधीच गेला. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात. तो हिशेब तिथला, त्याची सवय इथे आणू नका. कॅसला लागतं ते सातत्य: किमान अठरा महिने, तिन्ही भागांचा समतोल, आणि त्यात इतरांबरोबर मिळून केलेला, निदान महिनाभर चाललेला एक प्रकल्प. समन्वयक शिक्षकांशी तीन औपचारिक भेटीही होतात.

मला सर्वांत खटकतं ते एका दिवसाचं वाटप. सकाळी वह्या वाटायच्या, घेणाऱ्या मुलांना ओळीत उभं करून फोटो काढायचे, दुपारी घरी. सेवेत समोरच्याची गरज आधी विचारून घ्यायची असते. त्यांना वह्या हव्या होत्या का, हे कुणी विचारलेलंच नसतं. वीस ठिकाणी तोंड दाखवण्यापेक्षा एकच काम वर्षभर धरून ठेवा, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. विकतची स्वयंसेवेची प्रमाणपत्रं तर मुळीच घेऊ नका.

बारावीच्या शेवटच्या महिन्यात मागच्या तारखा टाकून नोंदी लिहायलाही मुलाला बसवू नका. तीन भेटींत बोलणं झालेलं असतं, शिक्षकांना कळतं. खरोखरच काही राहिलं असेल तर तसं सांगावं. कॅस पूर्ण करायला पुढे आणखी एक वर्ष मिळतं. मात्र ते होईपर्यंत डिप्लोमा हाती येत नाही, आणि परदेशातला प्रवेश त्यावर अवलंबून असेल तर विद्यापीठाला वेळेत कळवावं लागतं.