ओठ जुळले, पण गळा?

8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ हे संगीत नाटक झालं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट एकाच रंगमंचावर, आणि माइक नाही! मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. नाट्यगृहाच्या भिंती थोडं सांभाळून घेतात, बाकीचं गळ्यानेच निभवायचं.

गळा हे कसं निभवतो, याचा अभ्यास स्वीडनच्या योहान सुंदबर्ग यांनी पाश्चात्त्य ऑपेरा गायकांवर केला. तयारीच्या पुरुष गायकांच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास जादा ऊर्जा असते. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या जवळ असल्याने आवाज त्यातूनही वर निघतो. उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रिया वेगळा मार्ग धरतात. स्वर चढेल तसा जबडा अधिक उघडायचा, म्हणजे मुखपोकळीचा अनुनाद स्वराच्या बरोबरीने वर सरकतो. आवाज फुकटात मोठा होतो, मात्र ‘ई’ आणि ‘आ’ यांतला फरक पुसट होत जातो.

म्हणजे गाताना चेहरा अर्धाअधिक वाद्याच्या कामाला जुंपलेला असतो. विसाव्या रांगेतून ते दिसत नाही, क्लोजअपमध्ये लपत नाही.

म्हणून सिनेमा कामाची वाटणी करतो. 1967 चं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक 2015 मध्ये पडद्यावर आलं. खाँसाहेबांची भूमिका रंगमंचावर वसंतराव देशपांडे स्वतः गाऊन करत. पडद्यावर चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गायले.

आता गंमत लिप-सिंकची, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ जुळवण्याची. आवाज ओठांच्या मागून आला तर सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत आपल्याला कळत नाही, पण आधी आला तर 45 मिलिसेकंदही खटकतात. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर. उलटा क्रम निसर्गात भेटतच नाही. गोरेगावच्या एखाद्या मोठ्या सेटवर स्पीकर नटापासून 17 मीटर दूर असेल, तर गाणं त्याच्या कानी 50 मिलिसेकंद उशिरा पोहोचतं. नटाने त्यावर ओठ हलवले की पडद्यावर आवाज ओठांच्या पुढे, नेमका नको त्या बाजूला! एडिटिंगमध्ये हे सरकवता येतं म्हणा.

तान मात्र सरकवून सुटत नाही. ‘आ’कारातल्या तानेत ओठ जवळजवळ स्थिर असतात, सगळं काम गळ्यात आणि पोटात. तिथे मानेची शीर ताणली गेली नाही, की तयार श्रोता लगेच ओळखतो.

2012 च्या ‘ले मिझेराब्ल’ या संगीतपटात नटांना कानात पियानो ऐकवून सेटवरच गायला लावलं. लय नटाच्या हातात आली, श्वास आणि हुंदका खरा झाला. काही ठिकाणी सूर मात्र दुबळे पडले. नाट्यपदाला हा सौदा परवडणार नाही, असं मला वाटतं. पदातली तान हाच तिथला संवाद असतो. त्यापेक्षा आवाज पार्श्वगायकाचाच ठेवावा, पण चित्रीकरणाच्या वेळी नटाने बेसूर का होईना, पूर्ण दमाने गावं. तो आवाज नंतर टाकून देता येतो.