भरतीरेषेपासून किती मीटर? कोकणातल्या पर्यटनाच्या वादाची पार्श्वभूमी

नाशिकचं आणि समुद्राचं नातं जुनं आहे. पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजाच्या जावयाचा लेख आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनला आणि सोपाऱ्याला त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले, तापी-डहाणूच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असं त्यात कोरलंय.

समुद्रापासून किती अंतरावर बांधकाम करू द्यायचं, हा आजचा वाद मात्र १९८१ पासूनचा. त्या नोव्हेंबरात तत्कालीन पंतप्रधानांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथपासून, ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, ठरले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पाहुण्यांना बोलवायचं, पण खोली कुठे काढायची, या पेचात गावं अडकली. २०११ च्या अधिसूचनेने १०० ते २०० मीटरमध्ये मच्छीमारांना आणि पिढीजात रहिवाशांना घरापुरती वाट दिली.

खरा तिढा जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेचा. तिने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट वस्ती असेल, तर किनारा आराखडा मंजूर झाल्यावर ना-विकास पट्टा ५० मीटरच. बाकीच्यांना २०० मीटर कायम. वाढत्या कुटुंबांना घराला जागा मिळेल, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. पण जागा मोकळी झाली की आधी पोचतो तो बाहेरचा पैसा, हा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. शिवाय लोकसंख्येच्या घनतेवरून माणसं कळतात, किनाऱ्याची धूप कळत नाही. २००८ च्या पुरानंतर नदीकाठच्या बांधकामाची हद्द ठरवणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेवरून गोदाकाठी जे चाललंय, ते पाहिलेल्या नाशिककराला हे वेगळं समजावायला नको.

याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या मुभेची चर्चा फारच कमी झाली. मच्छीमारांसह स्थानिकांना आहे त्याच घरात, जोतं न वाढवता, होमस्टे चालवता येतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासने ही वाट कितीतरी आधी धरली होती. तिथे २००२ पासून कासवांची घरटी राखली गेली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचं जेवतात, पैसा गावात राहतो.

आणि तिथेच एक गोष्ट टोचते. २०१९ च्या नियमांत भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून पुळणीवर तात्पुरत्या शॅकनाही, म्हणजे पर्यटकांसाठीच्या झोपड्यांनाही, परवानगी आहे. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी अंडी घालते तीही भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, आणि दिव्यांच्या उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. कासवांच्या किनाऱ्यांवर तरी शॅकच्या परवान्यात विणीच्या हंगामाची अट घालायलाच हवी.