‘कोरोना बॅच’ची थट्टा

लग्नाच्या पंगतीत पुतण्याची ओळख करून देताना एक काका म्हणाले, “हा आमचा कोरोना बॅचचा इंजिनिअर, याने बांधलेल्या पुलावरून जरा जपून जा.” पंगत हसली. पुतण्याही हसला, पण मठ्ठ्याची वाटी त्याने उगाच दोनदा उचलून खाली ठेवली. याच मुलाने मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला स्वतःहून ‘ढकलपास २०२१’ असे नाव दिले आहे. विनोद तोच, मग तो एका जागी बोचतो आणि दुसऱ्या जागी सोबत देतो, हे कसे?

थट्टेला निमित्त खरेच होते. २०२१ मध्ये राज्य मंडळाने दहावीची परीक्षा रद्द करून नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांच्या आधारे निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्के होता. २०२१ मध्येच जगभरातील २९ अभ्यास आणि ऐंशी हजारांहून अधिक मुले यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दर चार मुलांमागे एकात नैराश्याची आणि पाचांमागे एकात चिंतेची लक्षणीय चिन्हे आढळली होती. या दुसऱ्या आकड्यावर मात्र पंगतीत कोणी विनोद करत नाही.

पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, काहीतरी चुकीचे किंवा धोक्याचे असूनही त्याच वेळी ते निरुपद्रवी वाटले, तर माणसाला हसू येते. हा निरुपद्रवीपणा पुष्कळदा अंतरातून येतो. २०१२ च्या सँडी चक्रीवादळावरील विनोद लोकांना वेगवेगळ्या दिवशी दाखवले, तेव्हा ते सुरुवातीला फारसे रुचले नाहीत, सुमारे ३६ दिवसांनी सर्वाधिक हशा मिळवून गेले आणि पुढे शिळे झाले. वादळ येऊन गेले होते, म्हणून हा हिशेब जमला. टाळेबंदीत ज्याची शाळा, मैदान आणि मैत्री एका मोबाइलच्या पडद्यात कोंबली गेली आणि ज्याला आजही तोंडी परीक्षेत घाम फुटतो, त्याच्या लेखी ते वादळ सरलेलेच नाही. काकांच्या लेखी तो जुना किस्सा आहे.

स्वतःवर केलेला विनोदही एकाच जातीचा नसतो. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली सांगितल्या: इतरांना जवळ आणणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःलाच खाली पाडणारी. यांपैकी शेवटच्या शैलीचे नाते चिंता आणि नैराश्य यांच्याशी आढळते. मात्र काळा विनोद दिसला की लगेच घाबरून जावे, असेही नाही. ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०२०) नैराश्याची लक्षणे असलेल्यांना नैराश्यावरील मीम इतरांपेक्षा अधिक गमतीदार, अधिक आपलीशी आणि मन हलके करू शकतील अशी वाटली. वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे, हे खरे. तरीही ‘असे मला एकट्यालाच होत नाही’ ही जाणीव सोळाव्या वर्षी वर्गमित्रांवाचून राहिलेल्या मुलासाठी लहान गोष्ट नाही.

‘ढकलपास २०२१’वर रात्री दीड वाजता एकाने लिहिले, “माझी बॅटरी तेव्हापासून चार्जच होत नाही.” अकरा जणांनी हसरे चेहरे टाकले. बाराव्याने दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला.