शंभर टक्के निकाल म्हणजे उत्तम शाळा?

‘निकाल शंभर टक्के, म्हणजे शिकवणं उत्तम’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, आणि आकडा खोटाही नसतो. पण तो परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढलेला असतो. समजा नववीत 100 मुलं होती. त्यातली 30 कच्ची निघाली. काहींना नापास केलं, काहींच्या हातात दाखला दिला, उरलेल्यांना बाहेरून फॉर्म भरायला लावला. मग दहावीला 70 बसली, सगळी पास. निकाल 100 टक्के!

दुसरा मुद्दा घरचा. प्रवेशालाच चाचणी आणि पालकांची मुलाखत असेल, तर शिकलेल्या, क्लास परवडणाऱ्या घरांतली मुलं आधीच निवडली जातात. घरची परिस्थिती सारखी असलेल्या मुलांची तुलना केली, की शाळाशाळांमधली तफावत बरीच कमी होते. निकालाच्या फलकावर हे कुठून दिसणार?

पडताळणी सोपी आहे. गेल्या वर्षी नववीचा पट किती होता आणि यंदा दहावीला किती बसले, एवढं शाळेत विचारा. मधली मुलं कुठे गेली, तेही विचारा. बदलीमुळे गेलेली दोन-चार असणारच. वर्गाचा चौथा हिस्सा मात्र बदलीने जात नाही.