नवे ब्रेक पॅड आणि तळाला जाणारे पेडल

एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड घरच्या घरी बदलणारा माणूस काम संपल्यावर हमखास दचकतो. चाके बसवून, नट आवळून तो गाडीत बसतो, ब्रेक दाबतो आणि पेडल थेट तळाला जाते. बिघाड काहीच नसतो. या विचित्र अनुभवाचे मूळ कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागामधल्या, एका साध्या रबरी रिंगमध्ये आहे.

बहुतेक एसयूव्हींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून कॅलिपरपर्यंत पोहोचतो, पिस्टन पुढे सरकतो आणि फिरणारी डिस्क दोन पॅडांच्या चिमट्यात सापडते. पाय उचलल्यावर पिस्टन मागे घ्यायला मात्र तेथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती खाचेत बसवलेली, चौकोनी छेदाची रबरी रिंग त्याला घट्ट धरून असते. ब्रेक लागताना ती पिस्टनबरोबर किंचित पिळवटते आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या एका अंशाइतके मागे ओढते. पॅड झिजल्यामुळे पिस्टनला जास्त पुढे जावे लागले, तर तो रिंगमधून घसरतो आणि त्याची नवी जागा कायम होते. म्हणूनच या ब्रेकांना वेगळे ॲडजस्टमेंट लागत नाही.

या घसरण्याचा हिशेब ब्रेक ऑइलच्या डबीत दिसतो. समजा, पिस्टनचा व्यास 60 मिमी आहे आणि दोन्हींपैकी प्रत्येक पॅडचा थर 11 मिमीवरून 3 मिमीपर्यंत झिजला आहे. कॅलिपर सरकता असेल तर एकच पिस्टन दोन्हीकडची झीज भरून काढतो, म्हणजे एकूण 16 मिमी पुढे येतो, आणि त्याच्या मागे सुमारे 45 मिलिलिटर द्रव साठतो. दोन चाके मिळून हा आकडा 90 होतो. त्यामुळे डबीतली पातळी हळूहळू उतरलेली दिसली तर पॅड झिजले असण्याची शक्यता असते (गळती नाही ना, हे अर्थात तपासावेच). कोणी मधल्या काळात ती वरपर्यंत भरून ठेवली असेल, तर जाड पॅडसाठी पिस्टन मागे ढकलताना द्रव ओसंडतो आणि गाडीचा रंग खराब करतो. त्याला ऑइल म्हणतात खरे, पण डॉट 3 आणि डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकॉलवर आधारित द्रव आहेत. त्यांच्या जागी इंजिन ऑइल घातले तर रबरी रिंगा फुगून निकामी होतात.

आता तळाला गेलेल्या पेडलचा उलगडा होतो. पिस्टन मागे दाबताना तो सहसा गरजेपेक्षा थोडा जास्तच आत जातो, आणि पॅड व डिस्क यांच्यात फट राहते. ती भरून निघेपर्यंत दाब निर्माणच होत नाही. पेडल सावकाश काही वेळा दाबल्यावर पिस्टन पुढे येतो, पेडल कडक होते. हे गाडी जागची हलवण्यापूर्वीच करायचे असते.

प्रत्यक्ष कामात कौशल्यापेक्षा सावधपणा अधिक लागतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, गाडी केवळ जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर टेकवावी आणि सोडवलेला कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीवर) लोंबकळू न देता तारेने बांधावा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. प्रत्यक्ष जाडी मोजण्याचा कंटाळा करणारे बरेच आहेत.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड घेत नाहीत. 1800 किलो वजनाची गाडी ताशी 80 किमी वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे 440 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. 20 अंशांवरचे 1.3 लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. वजन पुढे झुकत असल्याने तिचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकांवर पडतो. मोकळ्या रस्त्यावर वेग मध्यम जोराने अनेकदा कमी केला, की या उष्णतेने पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी उभी ठेवली, तर तो थर एकाच जागी जाड होतो आणि पुढे ब्रेक लावताना पेडल थरथरते.